दाजींच्या मोबाईलवरचं ‘गोळ्या बंद करा’

औशाजवळ माझं मेडिकल आहे. रोज कुणीतरी मोबाईल पुढे करतं, ‘हे खरं हाय का बघा’ म्हणतं, मी बघतो आणि सोडून देतो. हा फॉरवर्ड सोडता येत नाही. आमच्या दाजींनी तो वाचून अडीच महिने सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. ताईला कळलं कधी, तर मधल्या बोटाच्या टोकाला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना तेव्हा.

दाजींना स्क्लेरोडर्मा आहे. कातडी घट्ट होत जाते आणि गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात. ज्वारीला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची. दारं धरून पहाटे घरी आले की बोटं खडूसारखी पांढरी, मग निळी, आणि चुलीपुढे बसल्यावर लालभडक. ही बोटं मी स्वतः हातात धरून पाहिली आहेत.

फॉरवर्डचं म्हणणं असं: संधिवात, ल्यूपस (कातडी, सांधे, मूत्रपिंड असे अनेक अवयव धरणारा आजार), स्क्लेरोडर्मा यांवरच्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या ‘कॅन्सरच्या’ असतात आणि त्यांनी पुरुषत्व कायमचं जातं. बंद केल्या की 21 दिवसांत ताकद परत. हे आजार मुळात तरुणपणीच्या ‘धातुनाशा’ने, म्हणजे वीर्य वाया घालवल्याने होतात. शिवाय हे बायकांचे आजार, पुरुषाला झाले म्हणजे त्याच्यात आधीच काही कमी होतं. उपाय म्हणून शिलाजीत-भस्माची कॅप्सूल, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, हार्ट पेशंटलाही चालते’. खाली मोबाईल नंबर.

धातुनाशाचं उरकून टाकतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते म्हणून हे आजार होतात. विसाव्या वर्षी कुणी काय केलं याचा इथे काडीचा संबंध नाही. बायकांचं म्हणाल तर ल्यूपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात, हे खरं. पण पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस पुरुषांतच जास्त दिसतो. त्या गड्यांना काय म्हणणार?

आता गोळ्या. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात, मान्य. तिथे डोस कधी ग्रॅमवर जातो. संधिवातात तो आठवड्यातून एकदा, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. (एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतते. मी पाकिटावर वार लिहून देतो तो उगीच नाही.) आणि फॉरवर्डवाल्याने दोन गोष्टींची खिचडी केली आहे. मूल होणं वेगळं, ताठरता येणं वेगळं. मुलाचा प्रश्न असेल तर अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2020 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बाप होऊ इच्छिणाऱ्या पुरुषाने मेथोट्रेक्सेट चालू ठेवायला त्यांची हरकत नाही.

अर्धं खरं आहे ते कबूल करतो, मनाविरुद्ध का होईना. सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध शुक्राणूंना खरंच मारक आहे, कधी कधी कायमचं. ते सुरू करण्याआधी वीर्य साठवून ठेवायचा विचार करावा लागतो, आणि त्याच सूचनांत मुलाच्या प्रयत्नाआधी ते थांबवायला ठामपणे सांगितलंय. सल्फासालाझीनने शुक्राणूंची संख्या घटते, बंद केल्यावर ती भरून येते. स्टेरॉइड जास्त डोसमध्ये फार दिवस घेतलं तर पुरुषी हार्मोन उतरू शकतं. पण फॉरवर्डमध्ये यातल्या एकाही औषधाचं नाव नाही. बदनामी केली ती मेथोट्रेक्सेटची.

मग ताठरता येत नाही ही दाजींची तक्रार खोटी का? अजिबात नाही. युरोपातल्या स्क्लेरोडर्माच्या अभ्यासगटाने 130 पुरुष रुग्णांना याबद्दल विचारलं होतं, 2012 साली ते छापून आलं. त्यांत ताठरतेची काहीच तक्रार नसलेले फक्त 23 निघाले. सहातल्या पाच जणांना कमी-जास्त त्रास होता, आणि आजार जेवढा जोरात तेवढी तक्रार मोठी. म्हणजे लातुरात डॉक्टरपुढे मान खाली घालून बसणारे दाजी एकटे नाहीत. कारणही डोक्याबाहेरचं नाही. ताठरता म्हणजे रक्त भरणं. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. नळी जेवढी बारीक तेवढी आधी तुंबते. स्क्लेरोडर्मात तर नळ्या आवळतातच, वर आतला लवचिक भागही घट्ट होतो. जे पहाटे बोटांत दिसतं तेच तिथे, फक्त तिथलं कुणी चुलीपुढे धरून दाखवत नाही. म्हणूनच ही तक्रार डॉक्टरला सांगायची असते. काही वेळा छातीत दुखायच्या कितीतरी आधी हीच खूण येते.

‘21 दिवस’ कुठून आले? शुक्राणूंचं म्हणत असेल तर ते तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. आणि दाजींनी नुसती मेथोट्रेक्सेट नाही, बोटांच्या रक्तवाहिन्या सैल ठेवणारी निफेडिपिनही थांबवली होती. ताकद आली नाही, जखम आली.

कॅप्सूलवर मात्र मला खरा राग आहे. दाजींनी डबी आणून काउंटरवर ठेवली. वर पिळदार गडी, बॅच नंबर नाही, लायसन नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. म्हणाले, “थोरल्यानं बी एक मागवलीय.” थोरला म्हणजे त्यांचा भाऊ, त्याच्या खिशात सॉर्बिट्रेट असते, छातीत दाटून आलं की जिभेखाली ठेवायला. मी तिथल्या तिथे त्या नंबरला फोन लावला.

“हार्टवाल्याला चालंल का?”

“बिनधास्त.”

“सॉर्बिट्रेट घेतो तो.”

“ती काय असती?”

याला सॉर्बिट्रेट माहीत नाही आणि हा हार्ट पेशंटला औषध विकतो! अशा ‘शुद्ध वनस्पती’च्या कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर कितीदा तरी इशारे दिलेत. सिल्डेनाफिल अंगात असताना सॉर्बिट्रेट जिभेखाली गेली तर बीपी एकदम कोसळतं, माणूस जाऊ शकतो. या डबीत काय आहे मला माहीत नाही, विकणाऱ्यालाही माहीत नाही. थोरल्यांची डबी मी त्याच दिवशी मागवून घेतली.

गंमत अशी, की सिल्डेनाफिल हे काही लपवायचं औषध नाही. सुरुवातीला ते छातीच्या दुखण्यासाठीच तपासत होते, 1998 साली ते ताठरतेसाठी बाजारात आलं. आज स्क्लेरोडर्मात फुप्फुसातला दाब वाढला किंवा बोटांना जखमा झाल्या तर डॉक्टर तेच लिहितात, बायकांनाही. एकदा एक पोरगा माझ्या काउंटरवर चिठ्ठी आपटून ओरडला होता, “माझ्या आईला ही गोळी?” त्याला आत बसवून समजावायला अर्धा तास गेला. दाजींनाही ते कदाचित मिळेल. पण छाती तपासून, बाकीची औषधं बघून, डॉक्टरच्या हातून.

अडचण एवढीच, की दाजी सांगणार नाहीत. दर वेळी ताई सोबत असते आणि डॉक्टरपुढे ते बोट दाखवून उठतात. म्हणून परवा पावतीच्या मागे मी चार ओळी लिहून दिल्या: ताठरता येत नाही, आठ महिने, गोळ्या बंद होत्या, अडीच महिने, बोटाला जखम, तंबाखू चालू. शेवटची ओळ वाचून म्हणाले, “ती कशाला लिहिलीस?” तंबाखूनं त्याच नळ्या आवळतात म्हणून, दाजी. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. बुधवारी अपॉइंटमेंट आहे.