डाव्याने कमी येतंय

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये रविवारी हेडफोनवाल्यांचा मेळावा होता. ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप, 300 ओहमचे हेडफोन आणि मोज्यांत गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात भरलेले जास्तीचे व्हॉल्व्ह असा संसार घेऊन मी रिक्षाने पोचलो. अख्ख्या हॉलला एक एक्स्टेंशन बोर्ड, आणि त्यावर पोरांचे मोबाइल चार्जिंगला लावलेले. माझा 6080 नावाचा व्हॉल्व्ह नुसती वात तापवायलाच सोळा वॅट खातो हो! पण ते असो.

संयोजकांनी दारावर फलक लावला होता : ‘श्रवण सत्र. प्रवेश विनामूल्य.’

अकराच्या सुमारास कानटोपीतले एक आजोबा आत आले. ओळीने टेबलं, प्रत्येकावर यंत्र, माणसं कानाला काहीतरी लावून डोळे मिटून बसलेली. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यातल्या त्यात पिकलेलं डोकं पाहून माझ्यासमोर बसले.

“डाव्याने कमी येतंय.”

मुरलेला रसिक दिसतोय, असं मला वाटलं. “डॅक कुठला आपला?” मी विचारलं. (डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा अँपला चालेल असा सिग्नल करणारी डबी.)

“डॉक्टर ना? ते आपले कोपऱ्यावरचेच. पण ते नुसतं मळ आहे म्हणतात.”

मी हेडफोन चढवले, तानपुरा लावला. आजोबा ताठ बसले.

“बोट कधी वर करू?”

“आवडलं की करा.”

त्यांनी लगेच केलं. मी सुखावलो, षड्जाची आस कशी रेंगाळते ते सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं. “बीप नाही झालं अजून. आणि मागच्या वेळच्या त्या बाई कुठायत?”

मग त्यांना व्हॉल्व्ह दिसले. “हे दिवे कशाला?” मीही पेटलो. म्हटलं, हा 6एसएन7, एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग, एक डाव्या कानाचा, एक उजव्या. असलेच व्हॉल्व्ह एनिॲक या जुन्या संगणकात होते, सगळे मिळून अठरा हजारांच्या आसपास, आणि दर एक-दोन दिवसांनी एखादा उडायचा. (ते निदान अमेरिकन लष्कराच्या पैशाने उडायचे.)

“म्हणजे हिशेबाचं यंत्र आहे,” आजोबा म्हणाले, आणि हेडफोन काढून स्वतःच उलटे घातले. “आता उजव्याने कमी येतंय.” मग फार मायेने, “माझे कान ठीक आहेत. तुमचंच मशीन गेलंय.”

आणि गेलं होतंच! सकाळपासून किती जाणकार त्या टेबलावर बसून गेले. एकजण तर “गायिका जरा उजवीकडे बसलीय, काय इमेजिंग आहे!” असं म्हणून दाद देऊन गेला. गायिका कुठेही बसली नव्हती. डावा ट्रायोड मरायला टेकला होता.

हा व्हॉल्व्ह मी दिवाळीत साडेचार हजारांना घेतला, ‘कधीच न वापरलेला, दोन्ही बाजू मोजून जुळवलेला’ म्हणून. या धंद्यात फडक्याने पुसलेली प्रत्येक काच न वापरलेलीच असते. खोकं नवं, शाई ताजी, आणि टेस्टर आपल्याकडे नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक. रेडिओ दुरुस्त करणारे जुने लोक व्हॉल्व्ह मोजून द्यायचे. आता फोटो देतात.

“रिपोर्ट आज की उद्या?” आजोबांनी विचारलं. त्यांच्या मागे आणखी दोघे टोप्या काढून उभे होते.

मी तिथूनच विकणाऱ्याला मेसेज केला, डावी बाजू पडलीय म्हणून. उत्तर मात्र लगेच आलं. “सर, एकदा कान तपासून घ्या.”