फंड काढायचाय? या, बसा

म्हातारपणी हातात दमडी राहू नये अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर माझ्याइतका अनुभवी माणूस तुम्हाला सोलापुरात मिळणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी 27 वर्षं पगारपत्रक लिहितोय. आधी मोठ्या वहीत, आता कॉम्प्युटरवर. फंडाचे, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचे, किती फॉर्म भरून दिले याची मोजदाद नाही. अंगठा कुठे, सही कुठे, हे बोटानं दाखवता दाखवता पैसा घरातून कुठल्या दारानं बाहेर पडतो ते मला पाठ झालंय. माझ्या घरालाही त्यातलं एक दार आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

सुरुवात सोपी आहे. पगार कमी आहे, हे कारण हातातून सुटू देऊ नका. "चौदा हजारांत खायचं काय आणि ठेवायचं काय?" असं म्हटलं की समोरचा गप्प होतो, आणि मुख्य म्हणजे आपणही गप्प होतो. पगार वाढला की सुरू करू, असं वर म्हणून ठेवायचं. पगार वाढतो. त्याच महिन्यात नव्या मोबाईलचा हप्ता सुरू होतो.

मागे एकदा जेवणाच्या सुट्टीत मला दुर्बुद्धी सुचली आणि मी प्रॉडक्शनच्या फळ्यावर खडूनं हिशेब मांडला. पोस्टातलं पीपीएफ, एप्रिल 2020 पासूनचा 7.1 टक्के व्याजदर, तोच पुढे राहील असं धरलं. तिसाव्या वर्षी महिना हजार रुपये सुरू केले, पंधरा वर्षांनंतर खातं पाच-पाच वर्षांनी वाढवत साठीपर्यंत नेलं, तर भरले 3 लाख 60 हजार आणि मिळाले साधारण 11 लाख 98 हजार. चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर मिळतात 5 लाख 16 हजार. मागून एक जण म्हणाला, "मग चाळिशीत डबल भरतो की ओ." बरं, डबल भरलं. 4 लाख 80 हजार भरून हातात 10 लाख 33 हजार. जास्त भरून कमी! सगळ्यांचे घास हातातच राहिले. मला वाटलं, आता ही माणसं बिघडणार. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "साठीपर्यंत जगतंय कोण बे?" सगळे हसले, जेवणं पुढे सुरू झाली, आणि संध्याकाळी फळा पुसून त्यावर उद्याच्या डझनांचा आकडा पडला. हे वाक्य तुम्हीही पाठ करून ठेवा. ज्यानं ते म्हटलं त्याची आई 84 वर्षांची आहे आणि रोज सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात चालत जाते.

आता फंड. हा खरा शत्रू, कारण तो आपल्याला न विचारता साठतो. मूळ पगार 12 हजार असेल तर 1440 तुमचे कापतात, 1440 मालकाला घालावे लागतात. मालकाच्या हिश्श्यातून मूळ पगाराचे 8.33 टक्के, म्हणजे हजाराच्या आसपास, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले फंडात. वर व्याज, 2024-25 सालचं 8.25 टक्के. असं वीस वर्षं चालू दिलं तर घात होईल. काही मालक मात्र या बाबतीत कामगारांना फार जपतात. कायद्याला वीस माणसं लागतात, म्हणून एकाच पत्र्याखाली तीन पाट्या लावतात. एक स्वतःच्या नावाची, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. माग तेच, मुकादम तोच, पाण्याचा माठही एकच. अशा ठिकाणी काम मिळालं तर तुम्हाला वेगळं काही करावंच लागत नाही.

जिथे फंड कापतात तिथे थोडे कष्ट आहेत. दर तीन-चार वर्षांनी कारखाना बदला आणि जुना फंड नव्या खात्यात वळवायच्या भानगडीत न पडता काढून टाका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, तेव्हा नवव्या वर्षी तेही पैसे उचललेत तर काम चोख. आमच्याकडच्या एकानं नेमकं तेच केलं. पोराला मोटरसायकल हवी होती. मी त्याला खुर्ची देऊन पेन्शनचं गणित सांगायला बसलो. पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. 12 हजारांवर वीस वर्षं झाली तर महिना निदान 3428 रुपये, मरेपर्यंत. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "पैसे किती दिवसांत येतील?" गाडी आली. पोरगा चालवतो. बाप रिक्षानं नाक्यापर्यंत येतो आणि तिथून चालत.

कागदपत्रांकडे तर बघूच नका. आधारवर एक स्पेलिंग, फंडात दुसरं, बँकेत तिसरं, असंच चालू द्या. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांना इंग्रजीत लिहायच्या निदान चार तऱ्हा आहेत, त्या सगळ्या वापरा. वारस म्हणून लग्नाआधी लावलेलं आईचं नाव बदलू नका. लग्नानंतर आधीचं वारसपत्र फंडाच्या नियमात चालत नाही, पण हे बायकोला तुमच्यामागे कळेलच.

सरकारही आपल्या परीनं हातभार लावतं. फंडाची किमान पेन्शन 2014 साली महिना 1000 रुपये ठरली. दहा वर्षं उलटून गेली तरी ती हजारावरच होती. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात, हे दिल्लीत कुणी कळवलेलं दिसत नाही.

एवढं करूनही काही शिल्लक राहिलीच, तर ती जास्त व्याजाच्या पतसंस्थेत ठेवा. बँकेत ठेवलीत तर 5 लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो, सहकारी बँकेतही असतो, म्हणजे पैसे बुडवायची सोय नाही. पतसंस्थेला ते कवच नाही. शिवाय तिथला चेअरमन आपल्याच पेठेतला असतो, गणपतीच्या मंडळात पावती फाडताना भेटतो, मग कागद कशाला वाचायचे? अशाच एका पतसंस्थेत माझे 40 हजार आहेत. 'आहेत' हे मी सवयीनं म्हणतो. रोजची बचत गोळा करायला दारात येणारा पिग्मीवाला अजून तसाच नमस्कार करतो, फक्त हल्ली रस्त्याच्या पलीकडून.

तरुण मंडळींसाठी मोबाईलवर वायदेबाजार आहे. त्यात तीन वर्षांत 93 टक्के लोकांनी पैसे गमावले असं शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं 2024 मध्ये जाहीर केलं. माझ्या भाच्यानं ते वाचलं आणि आपण उरलेल्या सातांत आहोत हे त्याला लगेच पटलं. सोन्याबद्दल मी बोलणार नाही. मला घरात राहायचंय.

पण सगळ्यात खानदानी गुंतवणूक म्हणजे मुलगा. ही ठेव वीस-बावीस वर्षांची असते. मुदत संपली की ती पुण्याला जाते. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सोलापूरच्या किती बापांच्या ठेवी बसलेल्या असतात ते एकदा स्टेशनवर जाऊन बघा. माझी ठेव हिंजवडीला असते. खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, वर लग्नाचं बघायचंय, त्यामुळे तिचंच तिला पुरत नाही, आणि यात तिचा काही दोष नाही. दिवाळीला येते, दोन दिवस राहते, आणि जाताना तीन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड घेऊन जाते. ठेव व्याज देते असं ऐकलं होतं. आमची नेते.

या सगळ्यात एका जातीच्या माणसांपासून सावध राहा. आमच्या बोळात एक अक्का आहेत. उंबऱ्यात बसून विड्या वळतात, मांडीवर सूप, बोलताना हात थांबत नाही. 2015 साली अटल पेन्शन योजना आली तेव्हा त्या 35 वर्षांच्या होत्या. महिना 181 रुपये भरायचे, साठीनंतर महिना हजार. अठराव्या वर्षी सुरू केलं असतं तर 42 रुपयांत भागलं असतं, चाळिसाव्या वर्षी 291 पडले असते. (चाळिशी उलटली की या योजनेचं दारच बंद होतं. तुम्ही अजून आत असाल तर थोडे दिवस कळ काढा, जबाबदारी आपोआप संपेल.) तर अक्कांचा हप्ता तेव्हापासून चुकलेला नाही. मला ते बघवेना. एकदा मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही साठीला याल तेव्हा 2040 उजाडेल. या महागाईत तेव्हाच्या हजाराला 2015 सालच्या अडीचशेचीही किंमत राहणार नाही."

अक्कांनी विडीचं तोंड मुडपलं, ती सुपात टाकली आणि म्हणाल्या, "नळ बारीक येतंय म्हणून खालची घागर कोण काढतंय का ओ?"

आता या शहरात असं बोलणं म्हणजे वर्मावर घाव. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री दोनला. सगळा बोळ उठतो. बॅरल, घागरी, पातेली, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, सगळं भरून ठेवतो. या पाळीला राहू दे, पुढच्या पाळीला भरू, असं म्हणणारा माणूस मी तरी सोलापुरात पाहिला नाही. मला उत्तर सुचलं नाही. "बघतो," म्हणून मी घरी आलो. काय बघणार होतो कोण जाणे. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

आता माझ्या दाराकडे येतो. तेव्हा फंडातून उचल घ्यायची तर कारण द्यावं लागायचं. आजारपण चालायचं, शिक्षण चालायचं, घर चालायचं. पण लग्न लिहिताना माणसाचा हात जसा झरझर चालतो तसा दुसऱ्या कशालाच चालत नाही. माझाही चालला. थोरलीचं लग्न 2019 सालचं, होटगी रोडच्या कार्यालयात, 700 पान. मुलाकडच्यांनी काहीही मागितलं नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. मागितलं असतं तर घासाघीस करता आली असती. न मागता किती द्यायचं याला शेवट नसतो. मांडवात एक कमान जास्त, जेवणात एक गोड जास्त, आणि पुरुष पाहुण्यांना टॉवेल-टोपी. टॉवेल अर्थातच आमच्या कारखान्याचे. मालकांनी होलसेलच्याही खाली भाव लावला, मी 300 उचलले. गठ्ठे मोजताना घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक लेबलामागे बॉलपेननं गठ्ठ्याचा आकडा घातला. जुनी सवय. लग्नाच्या दिवशी जिकडे बघावं तिकडे खांद्यावर हिरव्या काठाचा टॉवेल. मालक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "शोभलं हं." माझी मान ताठ झाली.

गेल्या वर्षी एका लांबच्या नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर यजमानांनी मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, वाकून नमस्कार केला. घरी येऊन घडी मोडली. हिरवा काठ. लेबल उलटून बघितलं, तर माझ्याच अक्षरात 14.

माझ्या फंडातलं एवढं मला परत मिळालं. मधे कुणीतरी एकदा धुतलाय, त्यामुळे जरा विरळ झालाय, पण पाणी चांगलं टिपतो.