काढणी तोंडावर, घडावर भुरी आणि वर सल्ल्यांचा पाऊस

द्राक्षाच्या मण्यातली साखर सोळा ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) वर गेलेली असताना, म्हणजे व्यापारी बागेत येऊन घड उचलून पाहू लागलेला असताना, भुरीवर, म्हणजे त्या पुडीसारख्या बुरशीवर, औषध मारा म्हणून सांगणाऱ्यांना नेमके काय साधायचे असते, हे मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगावे. कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात, आमच्या भागात यंदा ऐन पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागायच्या वेळी आभाळ भरून राहिले, सकाळी धुके, दुपारी उकाडा नाही की स्वच्छ ऊन नाही, आणि भुरीला याहून अधिक काही लागत नाही. डाऊनीला, म्हणजे केवड्याला, पानावर ओल लागते, भुरीला तीही लागत नाही. हवेतला दमटपणा आणि वीस ते सत्तावीस अंशांचे तापमान मिळाले की तिचे बीजाणू वाऱ्यावर या ओळीतून त्या ओळीत जातात.

बाहेरून बाग हिरवीगार दिसते. ओलांड्याजवळची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीजवळची, पाने बाजूला सारून आतला घड हातात घ्यावा तेव्हा कळते: मण्यांच्या खांद्यावर राखाडी पूड, बोटाने पुसली तर खाली तपकिरी जाळी, देठ काळसर, आणि नाकाशी धरला तर कुबट वास. साल जिथे आधीच भुरीने मारली आहे तिथे ती वाढत नाही, आतला गर मात्र फुगत राहतो, मग मणी तडकतो आणि त्या भेगेत दुसरी बुरशी शिरते.

आता यात औषध काय करणार? फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मणी भुरीला सर्वांत जास्त बळी पडतो, साखर आठ ब्रिक्सच्या आसपास गेली की त्यावर नवी लागण सहसा होत नाही, आणि पंधराच्या पुढे जुनी भुरीही नवे बीजाणू देणे जवळपास थांबवते. म्हणजे आज जो डाग दिसतो तो बाजरीएवढ्या मण्यावर पडलेला असतो, आणि तो कोणत्याही बाटलीने पुसला जात नाही. देठ आणि पाने अजून धोक्यात असतात, हे खरे. पण दुकानदाराने ते सांगितलेले नसते. त्याने सांगितलेले असते, ‘‘मालक, हे मारा, चार दिवसांत घड लख्ख होतोय.’’ कसला लख्ख होतोय!

आणि तो जे काढून देतो ते बहुधा आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणारे. त्या औषधाची फवारणी आणि काढणी यांत किती आठवडे जावे लागतात हे बाटलीसोबतच्या घडीपत्रिकेत छापलेले असते, तेही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने ती घडी कधी उलगडली असेल असे मला वाटत नाही. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची आणि त्यांच्या काढणीपूर्व कालावधीची यादी काढते, ती मोबाईलवर मिळते, फुकट मिळते; तरीही ती दाखवली की ‘‘ते एक्स्पोर्टवाल्यांसाठी असतंय’’ असे उत्तर येते, जणू गावातली पोरे खातात ती द्राक्षे वेगळ्या वेलीची. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि बागाईतदारांचे हाल झाले, ते इतक्या लवकर विसरायला होते?

गंधकाचे काय, असे विचारणारे शहाणे वेगळे. गंधक भुरीवर चांगलेच आहे, पण ते मणी लहान असताना. आता मारले तर घडावर पांढरे डाग राहतात आणि व्यापारी त्यालाच भुरी म्हणतो. शिवाय दुपारचे ऊन पस्तिशीच्या पुढे गेले तर साल भाजते. पोटॅशियम बायकार्बोनेट त्यातल्या त्यात बरे, देठावरची भुरी ते आवरते. पण त्याच्या जागी बेदाण्याच्या डिपिंगचे, म्हणजे घड लवकर वाळावा म्हणून ज्यात बुडवतात ते, पोटॅशियम कार्बोनेट पंपात घालायला सांगणारा महाभागही मला भेटलेला आहे, आणि तो स्वतःला सल्लागार म्हणवतो.

व्यापाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. सौदा झाला तेव्हा त्याने हाच प्लॉट पाहिला होता. काढणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून ‘‘अण्णा, घडात भुरी हाय, दर बघूया परत’’ म्हणताना त्याला ठाऊक असते की पिकलेला माल वेलीवर ठेवून मी भांडू शकत नाही. आठ-दहा घड खराब दाखवायचे आणि सगळ्या प्लॉटचा दर पाडायचा, ही कसली रीत? खराब घड ओळीतच कात्रीने वेगळे काढून द्यायला मी तयार होतो. त्याला ते नको होते, त्याला दर हवा होता.

चांगला माल शेवटी दुसऱ्याला दिला, आणि डागी घडांतले तडकलेले मणी निवडून टाकून उरलेले बेदाण्यासाठी रॅकवर वाळत घातले आहेत. डागाचा मणी वाळला की काळपट बेदाणा होतो आणि तासगावच्या सौद्यात त्याला खालचा दर पडतो, हे मला माहीत आहे. तेवढे सांगायला कृपा करून कोणी फोन करू नये.