पंख्याचे पन्नास रुपये

परवा जर्मनच्या क्लासमध्ये मला पन्नास रुपये दंड झाला. गुन्हा काय, तर "पंखा जरा कमी करता का?" असं विचारलं. एका मराठी शब्दाला दहा रुपये! मी म्हटलं, "मॅडम, 'जरा' कसला शब्द? ते नुसतं सौजन्य आहे." मॅडम म्हणाल्या, "सौजन्याचेही दहाच." तेही मराठीत. वर युक्तिवादाचे सत्तर होत होते ('मॅडम' मराठी धरला नाही), ते उपकार केल्यासारखे माफ केले.

माझ्या शेजारी एक पासष्टीच्या काकू बसतात. सून जर्मन, नातू श्टुटगार्टला. तीन महिन्यांत काकूंनी एकच वाक्य कमावलंय: "इश फेरश्टेहे निश्ट." मला समजत नाही. त्यातला 'इश' त्या 'इश्श' असा म्हणतात, पदर सावरत. मॅडमनी प्रश्न विचारला की इश्श फेरश्टेहे निश्ट. मी खोडरबर मागितला, तरी तेच. फीचा दुसरा हप्ता मागायला आलेल्या माणसालाही तेच, आणि तो शुद्ध मराठीत मागत होता. बिचारा निघून गेला.

हॅलिडे नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलाचं बोबडं बोलणं टिपून १९७५ साली भाषेची सात कामं मांडली: मागणं, हुकूम सोडणं, नातं जोडणं, स्वतःचं सांगणं, शोध घेणं, कल्पना लढवणं, माहिती देणं. मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याचा कागद वाटला होता. काकू सातही कामं एका वाक्यात उरकतात.

परवा आमचा दोघांचा बाजाराचा संवाद होता. मी फळवाला. सफरचंदं द्राय ऑयरो, म्हणजे तीन युरो, किलो. काकू: "इश्श फेरश्टेहे निश्ट." मी दोन बोटं दाखवून त्स्वाय ऑयरोवर आलो. काकू ढिम्म. एक म्हटलं, पन्नास सेंट म्हटलं. शेवटी 'फुकट'ला जर्मनमध्ये काय म्हणतात ते येत नव्हतं, म्हणून नुसते हात जोडले. काकूंनी नसलेली सफरचंदं नसलेल्या पिशवीत भरली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "झेअर गूट!" मला नव्हे, काकूंना.

नसलेल्या वेटरकडे मी आता टोमॅटोचं सूप मागू शकतो, नसलेल्या स्टेशनचा रस्ता विचारू शकतो. पण खऱ्या पंख्याचा खरा वारा खऱ्या मानेवर येतोय, हे सांगायचं पान पुस्तकात नाही. कितवं पान, हळू बोला, पेन द्या... वर्गात माणसाला पहिल्या तासापासून हेच लागतं ना? ते मराठीतच चालतं आणि त्याचेच पैसे पडतात. मागल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या पोराला आकडे जमेनात. जर्मन लोक पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात. मी म्हटलं, "अरे, आपल्या पंचविसातही पाच आधीच येतो की!" पोराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझे सत्तर गेले. त्याला कळलं ते कोणत्या भाषेमुळे, हे दंडाच्या डब्याला कोण विचारणार?

सुटल्यावर काकू जिन्यात भेटल्या. अस्सल सदाशिवपेठी मराठीत म्हणाल्या, "अहो, रेग्युलेटर तुमच्या डोक्याशीच होता. उठून फिरवायचा. बोलायचं कशाला?"