साउंडला आपला माणूस आहे

लेकीच्या इंग्लंडमधल्या शाळेचं पत्र आलं तेव्हा गाडीनं सुरत सोडलं होतं. लेक खिडकीला डोकं टेकून झोपली होती, नवरा चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता आणि मी फोनवर वाचत होते. दसऱ्याचा एक दिवस धार्मिक कारणासाठी मंजूर, बाकीचे आठ दिवस नामंजूर. खाली अगदी नम्रपणे लिहिलं होतं की ही गैरहजेरी विनापरवानगी धरली जाईल आणि दंड होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये हा दंड जुनाच, पण ऑगस्ट 2024 पासून तो सगळीकडे एकसारखा झाला. दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी शाळा बुडली की दंडाचा विचार सुरू. 21 दिवसांत भरला तर 80 पौंड, पुढचा आठवडा लावलात तर 160. तोही एका मुलामागे एका पालकाला, म्हणजे आईचे 80 वेगळे आणि बापाचे 80 वेगळे. विमानाची तिकिटं काढतानाच आम्ही हे पैसे धरून ठेवले होते. नवरात्र काही त्यांच्या ऑक्टोबरच्या सुट्टीची वाट बघत नाही.

बडोद्याला स्टेशनवर दादा आला होता. बॅगा डिकीत कोंबता कोंबता त्याला सांगितलं, तर म्हणाला, "शाळा बुडवली म्हणून सरकार पैसे घेतं? मग आमच्याकडे शाळेला फी नाही म्हणून कशाला मिरवतेस? ही फीच की!"

घरच्या ग्रुपवर पुढचे दोन दिवस याच विषयाला ऊत आला. पोर आमचं, मधे सरकार कोण, हा एक पक्ष. म्हणूनच तो देश पुढे गेला, हा दुसरा. दुसऱ्या पक्षातले सगळे जण स्वतःच्या मुलांना लग्नासाठी चार-चार दिवस घरी ठेवतात, ती गोष्ट वेगळी. शेवटी बाबांनी सेव-उसळीची ताटली बाजूला सारून दोघांनाही गप्प केलं. 1906 साली सयाजीराव महाराजांनी सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधी 1893 मध्ये अमरेलीकडे करून पाहिलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल 1911 मध्ये मांडलं, ते इंग्रजांच्या राज्यात नापास झालं. "तेव्हा दंड ही मूळची बडोद्याची चीज आहे," बाबा म्हणाले, "तुझ्या शाळेला कळव."

आता एवढा दंड अंगावर घेऊन आलो कशासाठी, तर आठ वर्षांच्या मुलीला एका गरबा गाणाऱ्या बाईंना भेटायचं होतं. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या चार जण दादाच्या दारात उभे राहतील.

आम्ही लेस्टरला राहतो. 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, इकडे येऊ नका. लोक आलेच. आज त्यांची नातवंडं नवरात्रात कुठल्या कुठल्या हॉलमध्ये गरबा खेळतात. लाकडी जमीन, त्यावर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा, दाराशी बुटांचा डोंगर, आणि कोपऱ्यात 'फायर एक्झिट'च्या हिरव्या पाटीखाली अंबामातेची तसबीर. माझी लेक तिथं चालायला लागली तशी गरबाही खेळायला लागली. गाडीत, आंघोळीच्या वेळी, गृहपाठ करताना या बाईंचंच रेकॉर्डिंग. सांगली-साताऱ्याकडच्या मैत्रिणींच्या मुली त्या वयात दुसरं काही ऐकत असतील. आमच्या घरात ढोल.

यावर माझ्या आईचा आक्षेप असा, की मराठ्यांच्या मुलीला भोंडला माहीत नाही. मी म्हटलं, आई, तू स्वतः दांडिया बाजारात वाढलीस, नऊ वाजता घटाची आरती झाली की सगळ्यांच्या आधी चणियाचोळी घालून तूच बाहेर पडायचीस. आई म्हणाली, "हो, पण आम्ही दोन्ही करायचो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घटाशेजारी पाट मांडून, त्यावर हत्ती काढून एका संध्याकाळी भोंडलाही झाला. लेकीला खिरापत ओळखायचा खेळ फार आवडला आणि गाणी फार हळू वाटली.

मैदानाबद्दल थोडं सांगते. हजारो माणसं, मधोमध उंच स्टेज, त्याभोवती वर्तुळात वर्तुळ. बडोद्याचा गरबा अजूनही बऱ्यापैकी पायांवर आणि टाळीवर उभा आहे, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण सीझन पासचा भाव ऐकून माझे डोळे विस्फारले. 2022 मध्ये या पासांवरच्या 18 टक्के जीएसटीवरून गुजरातभर आरडाओरड झाली होती. लगेच पुढच्या वर्षी, डिसेंबर 2023 मध्ये, युनेस्कोनं गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वारसा मानवजातीचा, पास ज्याचा त्यानं काढायचा. बारानंतर लाऊडस्पीकर चालू राहावा की नाही यावर रोज सकाळी दूधवाल्यापासून काकांपर्यंत प्रत्येकाचं मत वेगळं, आणि ते ज्याचा फ्लॅट मैदानापासून जितका दूर तितकं उदार.

आता मूळ मुद्दा, म्हणजे भेट. गेली अकरा वर्षं मी घरच्या ग्रुपवर एक पाठ सतत देत आले आहे. तिकडे ओळख लागत नाही. डॉक्टर असो, लायसन्स असो, शाळेतला प्रवेश असो, नंबर लावायचा आणि आपली पाळी यायची वाट बघायची. आपल्याकडे मात्र ओळखीशिवाय पान हलत नाही. दादा यावर नेहमी अंगठा पाठवतो. तो अंगठा होकाराचा नसतो, हे मला ठाऊक आहे.

भेटीचा नंबरही आम्ही तिकडे लावलेला आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळात लेकीला एका पँटोमाइमला, म्हणजे तिकडच्या मुलांच्या नाटकाला, नेलं होतं. त्यातला विदूषक तिचा लाडका, टीव्हीवरचा. नाटकाच्या तिकिटावर आणखी 15 पौंड भरले की खेळ संपल्यावर त्याला भेटता येणार होतं. मनगटावर निळी पट्टी बांधली, जमिनीवर चिकटवलेल्या पावलांच्या खुणांवर उभं केलं. आमच्या पुढे अकरा मुलं होती, मोजली मी. पाळी आली. विदूषकानं नाव विचारलं, नाव चुकीचं उच्चारलं, गालात हसला, फोटो निघाला, पुढचं मूल. सगळं मिळून दीड मिनिट. फोटो ईमेलवर आला, सुरेख आला होता. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी मधे घुसलं नाही. रांगेच्या कडेला एक बाई मुलाला समजावत होती की आपण घरी जाऊन चॉकलेट केक खाऊ. त्या मुलाच्या मनगटावर पट्टी नव्हती. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली, एवढं आठवतं.

बडोद्याला अशी पट्टीच नव्हती. पासवर गायिकेच्या भेटीचं काही लिहिलेलं नाही, विचारायची खिडकीही नाही. पाचव्या माळेला मी रडकुंडीला आले. मुलगी रोज विचारायची, उद्या? दादा दोन दिवस माझी गंमत बघत होता. मग म्हणाला, "वांधा नाही. साउंडला आपला माणूस आहे."

आणि मी, रांगेचे गोडवे गाणारी, एका शब्दानं "नको" म्हणाले नाही. उलट विचारलं, "किती वाजता?"

सहाव्या रात्री आरतीच्या मध्यंतरात आम्ही स्टेजच्या मागे गेलो. पत्र्याचा आडोसा, पायात केबलींचे वेटोळे, प्लास्टिकच्या खुर्च्या, डासांची अगरबत्ती. आडोशाच्या तोंडाशी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता, पाण्याचे जार आणणाऱ्या माणसाचा. आपल्या माणसानं सांगितलं की तो पहिल्या माळेपासून इथंच असतो, सगळे गरबे तोंडपाठ आहेत पठ्ठ्याला. आम्हाला वाट द्यायला सुरक्षारक्षकानं त्याच्या खांद्याला हात लावला. तो लगेच बाजूला झाला. सांगावंही लागलं नाही.

बाई आत खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, घोट्यांना बँडेज, गळ्याभोवती टॉवेल. दिवसभर मी लेकीकडून घोकून घेतलं होतं, नमस्कार कर, सांग लेस्टरहून आले, सांग तुमची गाणी आवडतात. तिनं यातलं काहीही केलं नाही. लेस्टरच्या गुजरातीत थेट विचारलं, "तुम्ही एवढा वेळ थांबतच नाही. मग पाणी कधी पिता?"

बाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी प्रश्न प्रश्नासारखा घेतला. थर्मासचं झाकण उघडून वास दिला, कोमट पाणी आणि जेष्ठमध. "थंड काहीच नाही, नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "आणि ढोल एकटाच वाजायला लागला ना, की समजायचं मी पाणी पितेय." लेकीनं मान डोलावली. पुढचा प्रश्न तिच्या ओठावर होता, मला दिसत होता. तेवढ्यात वहिनीनं तिला खांद्यांनी धरून कॅमेऱ्याकडे फिरवलं. मग दादाचा एक फोटो, आपल्या माणसाच्या मेव्हण्याचा एक, आणि मागून कुठल्याशा जाहिरातदाराचं सबंध कुटुंब आत आलं, आजोबांसकट. चार मिनिटं झाली असतील. लेकीला जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. तो मुलगा परत आपल्या जागेवर येऊन उभा राहिला होता.

दुसरा प्रश्न काय होता ते तिनं नंतर सांगितलं. आवाज बसला तर गरबा थांबतो का, हा.

परदेशात राहणाऱ्या माणसाला दोन सोप्या भूमिका आयत्या मिळतात. एक, तिकडे सगळं शिस्तीत, इकडे सगळा गोंधळ. दुसरी, तिकडे सगळं पैशानं, इकडे माणुसकी. मी पहिली अकरा वर्षं चालवली आणि त्या रात्री सेव-उसळीच्या गाडीवर बसून दुसरीकडे सरकू पाहत होते, कारण माझ्या मुलीला दीड मिनिटाऐवजी चार मिनिटं आणि खोट्या हसण्याऐवजी खरं उत्तर मिळालं होतं. पण ती माणुसकी नव्हती. बाईंचं उत्तर त्यांचं स्वतःचं, ते त्यांनी कुणालाही दिलं असतं. तिथवर आम्ही पोचलो ते दादामुळे. पट्टी आम्हालाही बांधलेली होतीच, फक्त दिसत नव्हती. लेस्टरच्या त्या बाईला निदान माहीत होतं की 15 पौंड भरले तर आत जाता येतं, नाही भरले तर नाही. ती चिडू शकत होती, तक्रार लिहू शकत होती. जारवाल्याच्या मुलानं चिडायचं तरी कुणावर? त्याला भेटायची मनाई कुणी केलीच नव्हती.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, आणि तो काळ फार थोर होता म्हणून नव्हे. शेरीतला, म्हणजे गल्लीतला, गरबा गाणाऱ्या मंजुळ गळ्याच्या मावशी सकाळी त्याच शेरीत भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडायच्या. त्यांना भेटायला कोण जाणार? गाणारी बाई उंच स्टेजवर चढली, तेव्हा 'भेट' जन्माला आली, मग भेटीची किंमत, मग ओळख. स्टेज उतरवा असं मी म्हणत नाही, तीस हजार माणसांना शेरीत कोंबता येणार नाही. पण आरतीचं मध्यंतर चांगलं लांबलचक असतं. नऊपैकी एका रात्री त्यातली दहा मिनिटं स्टेजच्या पायऱ्यांशी फक्त मुलांची रांग लावली, पासवाली, बिनपासवाली, जारवाली, आणि मोठ्यांचे फोन बाहेर ठेवले, तर आयोजकांचं काय जातं? दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "रांग लावशील, पण रांगेत पुढे कोण उभं राहील ते साउंडवालाच ठरवेल."

आता गाडीत रेकॉर्डिंग लागलं आणि ढोल एकटा सुरू झाला की मागच्या सीटवरून आवाज येतो, "पाणी!" नवराही म्हणायला लागला आहे.

परतल्यावर सोमवारी फाटकाशी मुख्याध्यापिका उभ्या होत्या, रोजच्यासारख्या. लेकीनं त्यांना तिथंच तीन टाळीचा गरबा शिकवला. छत्री काखेत धरून त्यांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, एक पाऊल चुकल्या, परत केलं, म्हणाल्या, वर्गात सगळ्यांना शिकवशील का? पुढच्या आठवड्यात दोन पाकिटं आली. एक नवऱ्याच्या नावाचं, एक माझ्या.

दादाला पाकिटांचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "अगं, मग शाळेच्या बाईंशी बोल की! एवढी ओळख झालीय."