जुन्या इमारतीला राष्ट्रीय कसं करावं

समजा तुमच्या देशात कुर्द लोक (पश्चिम आशियातला, स्वतःचा देश नसलेला समाज) राहतात आणि त्यांच्या पूर्वजांनी बांधलेलं बरंच काही अजून उभं आहे, तर घाबरू नका, आणि पाडायची घाई तर अजिबात नको, पाडलं की बातमी होते. आधी पाटी बघा. तुर्कस्तानात दियारबाकिरला तैग्रिस नदीवर दहा कमानींचा पूल आहे, 1065 चा, मरवानी राजवटीतला. मरवानी हे कुर्द घराणं, पण पाटीवर नुसतं 'मरवानी' लिहायचं, ते कोण होते हे पर्यटकाने घरी जाऊन शोधावं (शोधत नाही तो, सेल्फी काढतो आणि कबाब खायला जातो).

माणूस फारच मोठा निघाला तर सरळ आपला म्हणून टाका. बाराव्या शतकातला सुलतान सलाहुद्दीन कुर्द होता, पण कैरोचा किल्ला त्याने बांधायला घेतला म्हणून त्याचा गरुड इजिप्तच्या राजचिन्हावर, आणि तो इराकातल्या तिकरितचा म्हणून तिकडचाच सद्दाम त्याचा वारस! हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडणारा तोच सद्दाम, हो.

पाटीने भागत नसेल तर धरण बांधा. तुर्कस्तानातल्या हसनकेफला सलाहुद्दीनच्याच अय्यूबी घराण्याच्या एका शाखेने दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, ते गाव 2020 पर्यंत इलिसू धरणाच्या पाण्यात गेलं. विरोध झालाच तर मोजक्या वास्तू चाकांवर घालून हलवायच्या, 2017 मध्ये झेनेल बे या राजपुत्राची 1100 टनी कबर नेली तशी, आणि जाताना फोटो भरपूर काढायचे, म्हणजे सगळ्यांना वाटतं वारसा वाचला, बुडालेल्या घरांचा फोटो काय कुणी मागत नाही.

आणि शहरात लढाई झाली तर सोनेपे सुहागा. दियारबाकिरची तटबंदी 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्याच वर्षाअखेरीस तटाच्या आतल्या सूर भागात सैन्य आणि पीकेके या कुर्द बंडखोर संघटनेच्या पोरांची धुमश्चक्री, मग कर्फ्यू, मग बुलडोझर. तेव्हाचे पंतप्रधान दावुतोग्लू म्हणाले, सूरला स्पेनच्या तोलेदोसारखं करू. सूरला सूरसारखं ठेवायचं हे कुणाच्या डोक्यात येणार, टेंडर निघतं का त्याचं?

तुम्ही स्वतःच कुर्द नेते असाल तरी वाचणं थांबवू नका, सल्ला तुम्हालाही चालतो. इराकात अर्बिलचा किल्ला तुमच्याच ताब्यात, मग 2006 मध्ये केलं तसं करा, शेकडो गरीब कुटुंबं बाहेर काढा आणि एकच आत ठेवा, म्हणजे 'हजारो वर्षं सलग वस्ती' हे ब्रोशरमधलं वाक्य खोटं पडत नाही. फक्त त्या कुटुंबाला सगळ्यांनी मिळून सुट्टीवर जाऊ देऊ नका.