एकच पासपोर्ट, दोनदा अर्ज

अमेरिकेत राहून भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण करायचं तर एकच माहिती दोनदा का भरायची? आधी सरकारी पोर्टलवर, मग अर्ज स्वीकारणाऱ्या एजन्सीच्या साइटवर! दोन्हींत एका अक्षराचा फरक पडला की अर्जाचं पाकीट अडकलंच. सही चौकटीबाहेर गेली? पुन्हा प्रिंट काढा. पत्त्याचा पुरावा, व्हिसाची प्रत, नोटरीचा शिक्का, सगळं जमवा.

आणि आपली मराठी नावं! पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तर इथल्या लायसन्सवर ते गायब किंवा नुसतं आद्याक्षर. माणूस तोच, जुना पासपोर्ट एजन्सीच्याच हातात, तरी दोन्ही नावं एकाचीच असल्याचा पुरावा मागायचा? नवा येईपर्यंत जुना पासपोर्ट त्यांच्याकडे. घरी कुणी आजारी पडलं तर निघायचं कशावर?